मेश्रामबाईंची पिवळी कार्डं

आमच्या ट्रस्टचा रौप्यमहोत्सव आहे. स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी मेश्रामबाईंवर एक पान लिहून द्या, असं मला वरून सांगण्यात आलं, कारण त्यांना पाहिलेला ऑफिसात आता मीच एक उरलोय. मी लिहून दिलं. फिरत्या दवाखान्याच्या पहिल्या सिस्टर, नि:स्वार्थ सेवा, खेड्यापाड्यांतल्या आयाबहिणींचा आधार, वगैरे. त्या पानात एकही शब्द खोटा नाही. आताच्या साहेबांना ते आवडलं, छापखान्यात गेलंसुद्धा. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. जे तिथे लिहिलं नाही, ते इथे लिहितो.

मेश्रामबाई उंच होत्या, सावळ्या, खांद्यात किंचित वाकलेल्या. पांढरं पातळ, त्याला बारीक निळा काठ, आणि पायात पुरुषी चपला. कन्हानकडच्या काळ्या चिखलात बायकी चपला टिकत नाहीत म्हणून कामठीच्या एका चांभाराकडून त्या बनवून घ्यायच्या. वडील गिरणीत होते. छप्पन साली सगळ्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा बाई नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसल्या होत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

आमचा कारखाना कन्हानच्या बाजूला, त्याच्या ट्रस्टचं ऑफिस शहरात, सीताबर्डीवर. दवाखान्याची गाडी सकाळी सातला निघायची. गाडीवर ट्रस्टचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, की लाल क्रॉस शोधावा लागे. बाई म्हणायच्या, "नाव दोन कोसावरून दिसते, औषध मात्र जवळ आल्यावरच."

रोग्याच्या नाडीला हात लावायच्या आधी त्या त्याचं नाव विचारायच्या. "आधी नाव सांग, मग दुखणं." एखादी बाई पदर तोंडावर ओढून म्हणायची, "रामाची माय." बाई पेन हातात धरून थांबायच्या. "ते रामाचं झालं. तुयं नाव काय हाय वं?" मग ती लाजायची, मागे उभ्या असलेल्या बाया खिदळायच्या. काही जणींनी स्वत:चं नाव कित्येक वर्षांत उच्चारलेलं नसायचं. एकीला तर ते आठवायलाच वेळ लागला. बाई घाई करत नसत.

एका गावी पाटलाला ताप होता. घरात बोलावलं. बाई कोण, कुठल्या, हे गावाला माहीत होतं. त्यांच्यासाठी चहा आला तो बिनकानाच्या कपात, आणि कप हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवलेला. बाईंनी कपाकडे पाहिलं. म्हणाल्या, "चहा राहू द्या. थर्मामीटर धुवाले थोडं पाणी आणा." पाणी आलं. त्यांनी सावकाश थर्मामीटर धुतला, झटकला, पाटलाच्या जिभेखाली ठेवला आणि विचारलं, "हे माया हातचं हाय पाटील, चालते ना?" पाटलाचं तोंड बंद. त्याने मान हलवली. गाडीत बसल्यावर ड्रायव्हर रशीदभाई इतका हसला, की गाडी बांधावर जायची राहिली.

रशीदभाईशिवाय बाईंचं चित्र पुरं होत नाही. तोंडात विझलेली बिडी, कारण बाई गाडीत पेटवू देत नसत. गाडी थांबली की हा स्टोव्ह पेटवून सुया उकळायला टाकायचा. रोग्यांची रांग लावायचा, गोळ्यांच्या पुड्या बांधायचा. वर बाईंना म्हणायचा, "बाई, मेरे को कंपाउंडर की पगार दिलवा दो." बाई म्हणायच्या, "पहिले मराठीत मागाले शिक." दुपारी दोघं एका झाडाखाली बसून भाकर खायचे. बाईंच्या डब्यातलं झणझणीत बेसन त्याला लागायचं, त्याच्या घरची शेवयांची खीर ईदेला बाईंकडे जायची. मी महिन्यातून एकदोनदा रिपोर्टसाठी सोबत जायचो, तेव्हा तिसरा वाटा माझा.

आता कार्डांचं सांगतो.

बाईंनी प्रत्येक घराचं एक पिवळं कार्ड केलं होतं. कोणाला काय झालं, कोणतं औषध सुरू आहे, कधीपर्यंत द्यायचं. आणि कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात एक ओळ असायची, ती कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या कागदावर मी पाहिली नाही. 'सासूचं ऐकतात.' 'मामा म्हणेल ते.' 'नवरा पितो, मोठ्या बहिणीशी बोला.' मी विचारलं, हे कशाला लिहिता? बाई म्हणाल्या, "ढोकेबाबू, सुई बाईच्या दंडात जाते, पण तिचा हात पुढे कोण करते, हे मले माहीत नको?" दहा वर्षांत तीसेक गावांची अशी कार्डं झाली. पत्र्याच्या चार पेट्या भरल्या.

नाल्याकाठचं एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथे शेवंता नावाची एक सून होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिला टीबी निघाला. आठवड्यातून दोन सुया, रोजच्या गोळ्या, सगळं मिळून दीड वर्षाचं औषध. मध्ये सोडलं तर रोग उलटतो आणि मग आवरत नाही, हे बाईंनी त्या घराला कितीदा सांगितलं असेल. सासू तिला माहेरी धाडायला निघाली होती. पण त्या घरात थोरल्या दिराचं, लक्ष्मणचं चालायचं. बाईंनी त्याला गाठलं. तो म्हणाला, "सुई घेईल ते. अन् इथंच राहील." विषय संपला. शेवंता अंगानं भरू लागली. खोकला कमी झाला. एकदा तिने बाईंसाठी अंगणातली वांगी पदरात बांधून आणली, तेव्हा बाई रशीदभाईला म्हणाल्या, "आता सात महिने राह्यले. पोरगी वाचते पाह्य." असं त्या सहसा बोलत नसत.

त्याच लक्ष्मणच्या पाठीवर एक चट्टा होता. पोतं उचलताना त्याचा सदरा वर गेला आणि बाईंनी पाहिला. त्याला गाडीमागे नेलं, चट्ट्याला टाचणी टोचली. त्याला कळलं नाही. महारोगाची सुरुवात होती. औषधानं बरा होणारा, पण गावात हे नाव घेतलं की माणूस संपतो. लक्ष्मणने बाईंचे पाय धरले. "बाई, गोळ्या घेतो, पण कोणाले सांगू नका. दोन पोरी हायेत लग्नाच्या." बाईंनी ते कार्डावर लिहिलं, कारण त्या आजारी पडल्या तर दुसऱ्या सिस्टरला गोळ्या कळायला हव्यात. लक्ष्मणने विचारलं, "हे कोण वाचते?"

"मी, अन् हे ढोकेबाबू," बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ते रिपोर्टचं टायपिंग करतात. त्यांच्या डोळ्यातून जाते, डोक्यात राहत नाही."

मी हसलो होतो. मला ते चांगलं वाटलं होतं.

कारखान्याचं काळं पाणी त्या गावाच्या नाल्यात सुटायचं. गुरं मरायची, पोरांच्या अंगावर फोड यायचे. फोडांची नोंद बाईंच्या कार्डांवर आहे, म्हणजे होती. गावानं तक्रार केली. चौकशी लागली, लोकांच्या जबान्या व्हायच्या होत्या, आणि गावातर्फे पुढे होता लक्ष्मण. त्या भागाचे आमदार तेव्हा कारखान्याविरुद्ध मोठमोठ्याने बोलत होते. आणि कारखान्याला दुसरी भट्टी टाकायची होती, तिच्यासाठी मुंबईहून परवानगी हवी होती.

त्याच सुमारास दवाखान्याला नवी गाडी आली. झेंडी दाखवायला आमदारांना बोलावलं. मांडव, हार, भाषणं. बाईंना स्टेजवर बसवलं होतं. आमदार त्यांच्या हातून हार घेत असताना त्या माइकच्या जवळच म्हणाल्या, "साहेब, गाडी चांगली हाय. पण नाल्याचं पाणी बंद झालं तर आमची अर्धी गावं कमी होतील." लोक हसले. आमदारही हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही औषध द्या. नाल्याचं आम्ही पाहून राहिलो." त्यांच्या शेजारी ट्रस्टचे सेक्रेटरी सबनीस साहेब बसले होते. ते हसले नाहीत. ते गर्दी पाहत होते, आणि गर्दी बाईंना हात जोडत होती.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते मुंबईकडचे, बोलणं अगदी मऊ. "ढोके, इतकी वर्षं आपण औषधं वाटतोय, ब्लँकेटं वाटतोय. निवडणूक आलीय. आमदार मला विचारतात, त्या गावांत तुमच्या शब्दाला किंमत आहे का? मी काय सांगू त्यांना? खोकल्याचे पेशंट किती ते सांगू?"

मी तेव्हा टेंपररी होतो. तिशीला आलेला, दोन मुलांचा बाप, दर सहा महिन्यांनी नवं पत्र हातात. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. साहेबांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ते नुसतं बोलत होते. मीच म्हणालो, "साहेब, कोणत्या घरात कोणाचं चालतं, हे बाईंच्या कार्डांवर लिहिलेलं असतं."

साहेबांनी चष्मा काढला. "लिहिलेलं?"

"हो साहेब. प्रत्येक घराचं."

तिमाही रिपोर्टसाठी लागतात, असं सांगून मी बाईंकडून चारही पेट्या मागून घेतल्या. बाईंनी स्वत: दोन उचलून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि वर म्हणाल्या, "सांभाळून गा. ह्यात अख्खी गावं हायेत." त्या पेट्या मी सायकलरिक्षात घालून सिव्हिल लाइन्समध्ये आमदारांच्या बंगल्यावर नेऊन दिल्या. तीन दिवस त्या तिथे होत्या. परत आणायला गेलो तेव्हा व्हरांड्यात दोघं-तिघं सतरंजीवर बसून कार्डं वाचत होते. एक जण दुसऱ्याला कार्ड दाखवून म्हणाला, "हे पाह्य लेका, ह्याची तर बायकोच पाटील हाय." आणि हसला. मी उभाच होतो. ब्लँकेटं कोणाला द्यायची त्याची यादी करत असतील, असं स्वत:ला सांगितलं. पेट्या बाईंना परत केल्या. पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. घरी बायकोनं शिरा केला.

प्रचाराला ट्रस्टनं आपली जीप दिली, आणि दवाखान्याची फेरी नसेल त्या दिवशी जीपबरोबर रशीदभाई. साहेबांचा हुकूम, तो काय करणार? जीपमध्ये ट्रस्टची ब्लँकेटं आणि आमदारांची माणसं. ती प्रत्येक गावात नेमक्या त्याच दारी जायची जिथे शब्द चालतो. मामाच्या, मोठ्या बहिणीच्या, सासूच्या. कोणाला ब्लँकेट, कोणाच्या पोराला कारखान्यात नोकरीचं आश्वासन, कोणाला नुसतं, "काकू, गुडघा कसा हाय आता?" लोक चकित व्हायचे. आमदार आपल्याला एवढं ओळखतात! आणि आमदार आता कारखान्याविरुद्ध अवाक्षर काढत नव्हते.

मतदानाला आठवडा होता त्या दिवशी मी दवाखान्याच्या गाडीत होतो. शेवंताची सुई होती. गाडी थांबली, पण एरवी दारात उभी असणारी शेवंता दिसली नाही. दार बंद. दारापुढे लक्ष्मण उभा. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय लक्ष्मण, शेवंता कुठी हाय?"

"ते सुई घेणार नाही आता."

"काहून?"

लक्ष्मणने पाठीमागे दाराची कडी घट्ट धरली. "बाई, मी तुमाले काय सांगतलं होतं? पाय धरले होते ना तुमचे? काल आमदाराचा माणूस आला. ब्लँकेट देल्लं मले. अन् खांद्यावर हात ठेवून म्हणते, गोळ्या वेळेवर घेतो ना लक्ष्मणराव? घेत जा. पोरींची लग्नं व्हायची हायेत."

बाईंचा चेहरा मी पाहिला. माणसाच्या चेहऱ्यातून रक्त उतरतं म्हणतात, ते मी तेव्हाच पाहिलं. कार्डांचं एवढं होईल, हे मला खरंच सुचलं नव्हतं. घरात कोणाचं चालतं एवढंच मी सांगितलं होतं. बाकीचं त्याच कार्डावर, त्याच शाईत लिहिलेलं आहे, हे मला माहीत होतं. मीच तर ते टाइप करत होतो.

"मी कोणाजवळ बोलली नाही लक्ष्मण," बाई म्हणाल्या.

"मंग ह्यानं सांगतलं असंल." लक्ष्मणने रशीदभाईकडे बोट केलं. "ह्याच्याच गाडीतून उतरला थो माणूस."

बाई वळल्या. "रशीद, तुले माहीत होतं?"

गोळ्यांच्या पुड्या रशीदभाईच बांधायचा. तो म्हणाला, "मालूम तो था बाई. लेकिन कसम से, मैंने तो सिर्फ गाडी..."

"बस," बाई म्हणाल्या.

रशीदभाईनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. तो फक्त, कोणीतरी आपल्या बाजूनं बोलेल का, म्हणून पाहत होता. मी तीन पावलांवर होतो. मी गाडीच्या चाकाकडे पाहू लागलो.

चौकशीत लक्ष्मणनं जबानी दिली की नाल्याचं पाणी चांगलं आहे, आम्ही रोज पितो. आमदार पुन्हा निवडून आले, पुढे उपमंत्री झाले, आणि दुसऱ्या भट्टीच्या समारंभात म्हणाले की ज्या कारखान्यानं माझ्या गोरगरिबांच्या दारात औषध नेलं, त्याच्यावर मी कसा आरोप करू? टाळ्या पडल्या. तिकडे बाई शेवंतासाठी त्या दारात जात राहिल्या. गाडी लांब उभी करून, एकट्या, सुईचा डबा घेऊन. सासूनं दोनदा दार उघडलं आणि बाईंना पाहून लावून घेतलं. आतून शेवंताचा खोकला ऐकू यायचा. गावातल्या दुसऱ्या दारांनीही तेच केलं. आपल्या घरचं दुखणं आमदाराच्या बंगल्यावर जातं, एवढं त्यांना कळलं होतं. उन्हाळा लागता लागता शेवंता गेली. तिची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

बाईंनी साहेबांना सांगितलं, रशीद असेल त्या गाडीत मी बसणार नाही. साहेबांनी त्याला त्याच दिवशी काढलं. बाईंचं म्हणणं त्यांनी इतक्या तत्परतेनं कधीच ऐकलं नव्हतं. त्याला काढल्याचं पत्र मी टाइप केलं. तो ऑफिसात आला, काउंटरवर उभा राहिला आणि म्हणाला, "ढोकेबाबू, आप तो बाई को समझाओ. आपका सुनेंगी वो." मी म्हणालो, पाहतो. वर्षभरात बाईंनीही ट्रस्ट सोडला. जाताना कार्डं कोणाच्या हाती दिली नाहीत. ऑफिसच्या मागे एक एक करून जाळली, सकाळभर बसून. मी खिडकीतून पाहत होतो.

यानंतर बरीच वर्षं गेली. मी हेडक्लार्क झालो. रशीदभाई मोमिनपुऱ्यात रिक्षा ओढून ओढून खंगला आणि गेल्याचं ऐकलं. बाई इंदोऱ्यात राहत होत्या, वस्तीतल्या लोकांना सुया टोचून देत. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो. का त्याच दिवशी, सांगता येणार नाही. बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला पाहून आनंदल्या. "ये गा ढोके! किती वाळला तू. चहा टाकू?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांची केबिन, माझं ते वाक्य, रिक्षा, बंगला. मी थांबल्यावर बाईंनी विचारलं, "किती दिवस होत्या पेट्या तिथे?"

"तीन."

"तीन दिवस," त्या म्हणाल्या. मग, "रशीद माया दारात आला होता. काढल्यानंतरच्या ईदेला. खिरीचा डबा घेऊन. मी आतून म्हटलं, चालता हो. दार नाही उघडलं." त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मी कोण ते ओळखायचा प्रयत्न करताहेत. "इतकी वर्षं मले वाटे, त्यानं केलं. त्याले वाटत असंल, बाईले माणूस कळला नाही. अन् तू दोघांजवळ बसून जेवत होता."

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा."

"मले काहून मागतो? मायी नोकरी गेली काय?" त्या उठल्या, भिंतीला धरून चपला पायात घातल्या. "त्याची बायको हाय अजून. जैनब. चल. तिच्यापुढे सांग हे."

आम्ही रिक्षानं गेलो. मोमिनपुऱ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आत जाईना, तशा त्या उतरल्या. मी बसून राहिलो.

"चल ना गा."

"बाई, मी उद्या येतो. नक्की येतो. ऑफिसात..."

"उद्या काय हाय?" त्यांनी विचारलं. खरंच विचारल्यासारखं. त्या जरा थांबल्या आणि मग गल्लीत एकट्या चालू लागल्या, भिंतीचा आधार घेत घेत. चौथ्या की पाचव्या दाराशी उभ्या राहिल्या. एक बाई बाहेर आली. मेश्रामबाई तिच्याशी काहीतरी बोलल्या आणि एकदम खाली, उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या. ती बाई त्यांचा दंड धरून त्यांना उठवू पाहत होती, आत ओढत होती. मेश्रामबाई उठत नव्हत्या. डोकं हलवत होत्या आणि बोलत होत्या, बोलतच होत्या. मला ऐकू येत नव्हतं. माझं नाव त्यांनी घेतलं की सगळं स्वत:वर घेतलं, मला आजही माहीत नाही. बाईंना मी त्यानंतर पाहिलं नाही.

रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "आपको किधर जाना है साब?" मी घड्याळ पाहिलं. सुट्टी संपायला पंधरा मिनिटं होती. मी म्हणालो, "सीताबर्डी."